दोन बोटं वर

टूक्सबरीत सेव्हर्नला एव्हन मिळते.
संगमच हा, पण इथं दशक्रियेला कुणी येत नाही.
मेंढ्या चरतात, आणि माझं एक यंत्र
दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची मोजून
कुठल्यातरी कार्यालयाला कळवत राहतं.

मी सांगलीची.
आमच्याकडे श्रावणात माणूस भेटला की
"बरं आहे का" नाही विचारत,
"आयर्विनला किती फूट?" विचारतात.
फुटांची भाषा मला आईच्या दुधातून आलेली.
शिकावी लागली ती इथली, शक्यतेची:
शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर.

"मग मी चारशे वर्षांची असणार, बाई,"
हेस्टर प्रॉबर्ट म्हणाल्या.
"माझे चार झालेत."

त्यांनी कोठीचं दार उघडलं.
चौकटीवर, लोणच्याच्या बरण्यांमागे, सुरीनं कोरलेल्या रेघा.
आजोबांची. वडिलांची. नवऱ्याच्या दोन.
त्यांची स्वतःची जरा तिरकी,
एका हातात बॅटरी होती म्हणून.
आणि सगळ्यांच्या वर, माझ्या हनुवटीइतकी,
एक बिनतारखेची. शेजारी फक्त टी हे अक्षर.

तो टी मला सात महिने पुरला.
शेवटी एका चर्चच्या खर्चवहीत सापडला:
टोबायस, सुतार; गाळ उपसायला दोन गडी,
तीन दिवस, बिअरसकट.
वर्ष लिहिलेलं होतं. पाणी कुठवर, तेही.
मी तो एक बिंदू आलेखात ठेवला
आणि वक्ररेषेनं मान वर केली.
बेचाळीस सेंटिमीटर.

अहवाल लंडनला गेला.
"शक्यता मोठी आहे" असं मी लिहिलं होतं.
परत आला तेव्हा "शक्यता नाकारता येत नाही" झालं होतं,
आणि छापून आलं तेव्हा
"पुढील अभ्यासात विचार व्हावा."

फेअरक्लो नावाचा गृहस्थ, डोळे तांबारलेले,
चार खात्यांचा चहा एकाच कपात पिणारा.
वाईट माणूस नव्हे. त्यानं तक्ता माझ्याकडे वळवला.
भिंत बेचाळीस सेंटिमीटरनं वाढली की पायाही वाढतो,
पाया वाढला की खर्च,
मग खर्चलेल्या प्रत्येक पौंडामागे
वाचतात फक्त ब्याण्णव पेन्स.
"म्हणजे माझा आकडा चुकला, असं म्हणताय?"
"नाही हो," तो म्हणाला, "बरोबर आहे. तीच तर अडचण."

आळीची भिंत यादीत खाली घसरली.
पण नव्या मार्गदर्शिकेत, पान एकशे चार, तळटीप एकोणीस:
जुन्या पूररेषा, जिथं मिळतील तिथं, हिशेबात घ्याव्यात.
त्या तळटिपेवर बोट ठेवून म्हणे
खालच्या अंगाला एका कुरणावर
साठ घरांची परवानगी नाकारली.
मी तिथून जाते कधीकधी.
थिस्सल वाढलंय, एक घोडा उभा असतो.
वाचलेलं कुणी दिसत नाही.
न बांधलेल्या घरात कोण राहणार,
आणि आभार कुठल्या पत्त्यावरून यायचे?

हेस्टरबाईंना अनुदान मिळालं.
जमिनीला फरशा, दाराला खाचेत बसणारी फळी,
आणि विजेचे सॉकेट उचलून खांद्याइतके वर.
परवा गेले तर किटली फडताळावर,
वायर आखूड म्हणून बरण्या खाली आलेल्या.
चहा ओतायला त्या स्टुलावर चढल्या.
मी धावले, त्यांनी हातानंच थांबवलं.

कोठीच्या चौकटीवर नवी रेघ होती.
टोबायसच्याही वर. पेन्सिलीची.
शेजारी माझं नाव, स्पेलिंग चुकवून.
"सुरीनं नाही कोरली," त्या म्हणाल्या,
"तू चुकलीस तर खोडता यावी."

त्या साखर शोधत होत्या तेवढ्यात
मी खिशातला टेप लावून पाहिला.
माझ्या आकड्यापेक्षा
दोन बोटं वर.